घडी

मी कागद करते. चटया बाकीचे करतात.
इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग,
सीलचा नंबर, नंबराखाली सही: ललिता खैरनार.
बारा वर्षांत माझा एकही कागद उलट आला नव्हता.

मे महिन्यात आला, हॅम्बर्गहून,
जळगावात डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा.
माल थांबवला आहे.
हरकत चटईला नाही. रंगाला नाही. मोराच्या नक्षीला नाही.
हरकत घडीला आहे.

घडी म्हणजे,
दर दोन फुटांवर प्लास्टिकच्या नळ्या गाळून
सुताच्या सहा दोऱ्या.
चटई मग गुंडाळायची नाही, मिटायची,
मोटरसायकलच्या हँडलला अडकवता येते एवढी.
ती तिकडे कुणाच्या तरी नावावर आहे.
एकोणीस पानं, चार आकृत्या,
दावा क्रमांक एक: लवचिक सांधा.
आमच्याहून सहा वर्षांनी धाकटा.

आमची दगा मिस्तरीने केली.
दगा. आधार कार्डावरही हेच.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईने
यमाला चकवायला ठेवलेलं;
पारोळ्याकडे असे दगा, धुडकू, उखा पुष्कळ.
पुण्याच्या वकीलबाई फोनवर थबकल्या.
"साक्षीदाराचं नाव... दगा?"
हो, म्हटलं. त्याने कुणाला दिला नाही कधी.

मिस्तरीला सांगितलं तर म्हणाला,
"मंग मन्ही घडी मी कराले नको?"
इथे करा ना. भुसावळला विका, नंदुरबारला विका,
इथे ती मोकळी आहे.
तिकडच्या बंदरात उतरली की त्यांची.
त्याने हातातली चटई उघडली, मिटली, उघडली.
"तिले कशी समजस, ती कोनी शे?"

वकीलबाईंना पुरावा हवा होता,
तारखेचा. जगाने ही घडी आधी पाहिली होती, असा.
मी जग शोधायला लागले.
हजेरीबुकं वाळवीने नेलेली.
सुताचं बिल नाही, सूत अमळनेरच्या बंद गिरणीतलं, उचललेलं.
शेवटी एरंडोलहून मिस्तरीच्या पुतणीच्या हळदीचा अल्बम आला.
कोपऱ्यात केशरी आकडे: १४ ५ ०९.
नऊ बायका बट्ट्या मोडतायत,
एक कॅमेऱ्यावर चिडलेली,
आणि त्यांच्या मांड्यांखालून गेलेल्या
तीन पांढऱ्या रेघा.

"चालेल कदाचित," वकीलबाई म्हणाल्या.
मग खर्च सांगितला, युरोत.
झंवरशेठनी गुणाकार केला,
पुन्हा केला,
कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.
माल अठरा लाखांचा,
घडी चाळीस लाखांची.

परतीचे कागदही मीच केले.
परत येण्याचं कारण, असा रकाना असतो.
'मालात दोष' हा पर्याय पहिलाच, तयार.
माझं बोट त्याच्यावर जरा थांबलं.
मी 'इतर' निवडलं.

आता बिनघडीच्या जातात, गुंडाळून.
कंटेनरात पाच हजार मावायच्या, आता तीन.
भाडं तेवढंच.
गुंडाळीच्या पोटातली हवा
आम्ही दर महिन्याला जर्मनीला पोचवतो.

मिस्तरीने परवा नवं काहीतरी जुळवलंय.
काय ते मला माहीत नाही.
बाईंनी बजावलंय, अर्ज होईपर्यंत कुणाला दाखवू नका,
आणि हा माणूस जन्मभर
शेजारच्या कारखान्यातल्यांना हाक मारून दाखवत आलेला.
आता शिफ्ट सुटली की मशीन झाकून जातो
परत आलेल्या मालातल्याच एका चटईने.
ती बरोब्बर बसते,
कोपऱ्यांवर वाकते,
जिथे वाकायला हवी तिथेच.