नाव तेवढं राहू दे

सीपीआरच्या पुरुष वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर
बर्नबामामा तीन दिवस छताशी भांडत होता.
रक्तातलं मीठ उतरलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
या वयात होतं असं.
रोज सकाळी त्या विचारायच्या, आजोबा, गाव कोणतं हे?
मामा म्हणायचा, यरीहो.
भिंती पडल्या का बघ जरा.

चौथ्या दिवशी इचलकरंजीहून पास्टर आले,
खिशात तेलाची बाटली, नव्या बुटांची करकर.
सलाईनच्या दांडीला धरून त्यांनी हुकूम सोडला:
नीघ! आत्ताच्या आत्ता नीघ!
शेजारच्या खाटेवरचा हुपरीचा चांदीवाला
दचकून चपला शोधायला लागला,
त्याला वाटलं आपलाच डिस्चार्ज.

मामा बघत राहिला. मग म्हणाला,
वर्गात बोलायचा तसा, खडू मोडल्यासारखा स्वच्छ:
पास्टर, सैतानाला तुम्ही अरेतुरे करता.
देवदूतांच्या सरदाराची छाती झाली नाही.
मोशेच्या मढ्यावरून वाद पेटला होता,
तरी शिवी गिळली त्यानं,
तुझं काय ते धनी बघेल, एवढंच बोलला.

पास्टरांनीही पान काढलं. त्यांच्याकडं साप होते,
विंचू होते, पायाखाली तुडवायची सनद होती,
सत्तर माणसं नाचत परत आलेली होती.
आणि आल्यावर त्यांना काय सांगितलं?
मामानं विचारलं. भुतं ऐकतात म्हणून
हुरळू नका, हेच ना?
एवढं बोलून तो परत यरीहोला गेला.

मी मधे उभी, हातात पेजेचा डबा, गार होत चाललेला.
चिलखत घाला, असं एकीकडं.
गप्प उभे राहा, लढाई तुमची नव्हेच, असं दुसरीकडं.
सगळी सत्ता एकाच्या हातात,
मग या जगाचा कारभारी म्हणून
ज्याला ओळखतात तो कोण?
डोकं ठेचलेला सिंहासारखा हिंडतो कसा?
पन्नास वर्षं मी पुढच्या बाकावर बसले.
हे कुणी सांगितलं नाही.
सांगितलं असेल, मी घड्याळाकडं बघत असेन.

मामाचा चष्मा आणायला निघाले तर
बागल चौकात रिक्षा अडकली. ललित पंचमी.
अंबाबाईची पालखी टेंबलाईला निघालेली,
कोहळा फोडायला.
पालखी आली की पाठ करायची, ही आमच्या घरची रीत,
आजोबा पाण्यात उतरले तेव्हापासूनची.
रिक्षात पाठ करणार कुठं?

दरसाल मारायला लागतोय बगा राक्षस, रिक्षावाला म्हणाला.
एकदा मेला ना तो?
मेला की. पर मरताना मागून घेतलं त्यानं,
गावाला नाव तेवढं माझं राहू दे.
आईनं दिलं.
आता तुमीच सांगा, यष्टीच्या पाटीवर कुणाचं नाव हाय?
हसला, आणि गॅस वाचवायला रिक्षा बंद केली.

ही गोष्ट मला ठाऊक होती.
शाळेत सगळ्यांनाच असते.
पण जिंकलेल्यानं हरलेल्याला काही द्यावं,
आणि दिलेलं परत घेऊ नये,
आणि तरी दर आश्विनात पुन्हा सुरी उचलावी,
याला आमच्या पोथीत कुठं जागा आहे
हे पालखी दिसेनाशी होईपर्यंत मी शोधत होते.
पाठ करायची राहूनच गेली.

परतले तेव्हा पास्टर गेले होते.
तेलाची बाटली लॉकरवर, झाकण सैल.
वर मिठाच्या पाण्याची, अर्धी,
थेंब, थेंब.
मामाच्या कपाळावर चकाकत होतं काहीतरी,
घाम असेल.

संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून दिला,
विचारलं, आजोबा, गाव कोणतं हे?

मामानं खिडकीतून बाहेर पाहिलं, खूप वेळ.
मग त्या राक्षसाचं नाव घेतलं.

बरोबर, बाई म्हणाल्या,
आणि कागदावर लिहून घेतलं.