खाडे

पारानालच्या टेकडीवर रात्री दोनला
ओरियेता चोके दुर्बिणीचं तोंड धनू राशीकडे वळवते.
थोडं अलीकडे. अजून थोडं. बस.
हवेत ओलावा चार टक्के, ओठ फुटलेले,
थर्मासातला चहा कधीचा कोमट.

पडद्यावर एका कोवळ्या ताऱ्याचा उजेड उलगडतो,
निळ्यापासून तांबड्यापर्यंत,
दात पडलेल्या कंगव्यासारखा.
वजन सूर्याच्या दसपट, वय मात्र
ह्या वाळवंटाहून कितीतरी कमी.
अंगावरची वारही वाळलेली नाही अजून.

"हा सोडियम," ओरियेता बोट ठेवते. "हा कॅल्शियम."
ही ओळखीची मंडळी. वाटेतल्या ढगांत बसून
आपापल्या वाटणीचा रंग खातात
आणि विचारलं की नाव सांगतात.
पण पाच हजार सातशे ऐंशीपाशी
एक पसरट, आळसावलेला खळगा आहे.
शंभर वर्षं होत आली,
कोणी पुढे येऊन म्हणत नाही, हा माझा.

तिचा बाप, एलेउतेरियो,
चुकिकामाताच्या खाणीत हजेरी मांडायचा,
दगड भरडणाऱ्या यंत्राला लागून, बत्तीस वर्षं.
रात्री जेवताना खाडे वाचून दाखवायचा:
हा पिऊन पडला. ह्याची बायको बाळंत.
हा सोमवारचा, म्हणजे रविवारचा फुटबॉल.
मग एखाद्या खाड्यावर चमचा थांबायचा.
"हा कशाने, कळत नाही,"
म्हणायचा, आणि मीठ मागायचा.

कालामाच्या इस्पितळात डॉक्टरनं
त्याच्या छातीची फिल्म खिडकीला धरली.
काळ्यावर पांढरे ठिपके.
किरण जिथं अडले तिथं पांढरं,
इथं सगळं उलटं असतं, डॉक्टर म्हणाला.
बाप ठिपके मोजू लागला. सवय.
सतरापर्यंत गेला,
मग चष्मा काढून खिशात ठेवला.

फ्रीसलँडची यिल्डाउ, प्रबंधाचं शेवटचं वर्ष,
मोज्यांवर मोजे घालून बसलेली,
हिशेब जुळत नाही म्हणून कुरकुरते.
धूळ जेवढी दाट तेवढा खळगा खोल,
असा सगळीकडचा रिवाज.
ह्या मेघात धूळ पोत्यानं,
खळगा मात्र बशीएवढा.

आपण म्हणतो, पाणी कुठंतरी मुरतंय.
इथं पाण्याचा थेंब नाही.
मुरायला एक उजेडच काय तो.

"पोराच्याच झळीनं जळाले असतील ते रेणू,"
यिल्डाउ म्हणते. "किंवा धूळच वेगळ्या जातीची.
किंवा ते तिथं कधी नव्हतेच."
वहीत तीन ओळी, दोन किंवा.
पेन चालत नाही थंडीत, तिसरी ओळ अर्धी उमटते.

ओरियेता नोंद करते: वेळ, वारा, घुमटातलं तापमान.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते,
कशाने, कळत नाही.
यंत्र ते घेत नाही. आकडा मागतं.
ती खोडते, शून्य टाकते,
शून्यही खोडते.

पुढचा फोटो पंचेचाळीस मिनिटांचा.
काचेबाहेर चौदा मोठे आरसे नसलेला साधा अंधार,
लांबवर खाणीच्या ट्रकचा एक दिवा, चढणीवर,
धुळीनं लाल झालेला.
यिल्डाउ उकडलेलं अंडं सोलते,
अर्धं ओरियेतापुढे करते.

"मीठ आहे का?" ओरियेता विचारते,
आणि क्षणभर
आवाज कुणाचा आला, पाहायला वळते.