खिंडीतली अकरा मिनिटं

ब्रेनरला इटलीची वीज संपायची.
इंजिन सोडवायचं, ऑस्ट्रियाचं जोडायचं.
सेराफिन ग्स्त्राइन दोन बफरांच्या मधे वाकून शिरायचा,
हातात कडी, कॉलरमध्ये बर्फ.
अकरा मिनिटं.
तेवढ्यात ओरेस्ते चीजचा तुकडा पुढे करायचा,
आणि घरचं एखादं वाक्य,
अर्धंमुर्धं जर्मनमध्ये.

हे नवं इंजिन दोन्ही विजा पचवतं.
पँटोग्राफ खाली घेतं,
पंखे गप्प होतात,
आणि काही क्षण गाडी
कुठल्याच देशाच्या विजेवर नसते,
नुसती मागच्या वेगावर.
मग दुसरा पँटोग्राफ तारेला टेकतो.

सेराफिन फलाटावर,
हातमोजे खिशात, कोरडे.
ओरेस्ते काचेमागून हात वर करतो.
एवढ्यावरून कळत नाही
बायकोचं ऑपरेशन झालं का.