पुरे

हिवाळ्यात शेफील्डला रात्रीचे बारा वाजतात
तेव्हा अकोल्यात साडेपाच.
आई उठते, चूळ भरते,
चहाच्या आधी, उपाशीपोटी
थायरॉइडची गोळी घेते.
पंचवीस वर्षं, एक नागा नाही.
आणि मी इथे उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून
चौदा नंबरची नळी काढते.

आत तुरीच्या दाण्याएवढा तुकडा.
नाकाच्या वाटेनं काढलाय तो मंगळवारी,
मिस्टर ऑकलंडनी.
इथल्या सर्जनला डॉक्टर म्हटलं तर त्याचं तोंड उतरतं,
हे मला दोन वर्षांनी कळलं.

फॉर्मवर नाव नाही. पुरुष, एक्कावन्न.
सांगू नये ते हेदरनं सांगितलं:
ट्राम चालवायचा.
तीन वर्षं हात थरथरत,
जानेवारीतही शर्ट पाठीला चिकटलेला.
आधी त्याचा गळाच उघडला होता कुणीतरी,
अवटू ग्रंथी अर्धी काढली.
तिची काही चूक नव्हती.
ती बिचारी हुकमाची ताबेदार.
हुकूम वरून येत होता.

पीयूषिका, आम्ही शाळेत पाठ केलेली.
मेंदूच्या चित्राखाली लोंबणारा वाटाणा,
नाव लिहिलं तर अर्धा गुण.
धड असते तेव्हा ती
पंगतीत वाढणाऱ्या शहाण्या बाईसारखी:
ताटावर आडवा हात दिसला
की भांडं घेऊन पुढे सरकते.

ह्या दाण्याला आडवा हात दिसला नाही.
रक्त म्हणत होतं पुरे, अहो पुरे,
आणि हा आपला वाढतोय,
अजून एक, माझ्याखातर एक,
पाहुण्याची छाती धडधडतेय तरी
एक.

आंधळा होता का? तेच तर मोजतेय मी.
निरोप दारापर्यंत पोचत होता,
चार आयोडीनचा, बंद पाकिटातला.
बाहेरच्या कड्यातलं एक काढलं
की पाकीट उघडतं, वाचता येतं.
तेच एक आतल्या कड्यातून काढलं
तर उरतात तीनच, वजनही तेवढंच,
पण अक्षर लागत नाही.
काढणारे दोघं.
दोघांनाही मराठीत विकर म्हणतात.
विकर आणि विकार.
मध्ये एक काना.

बर्फावर तुकडा वाटते. अर्धाच, अर्धा राखून.
शिशाच्या डबीतलं आयोडीन थेंबानं घालते,
सदतीस अंशांवर, अंगाच्या उबेइतकं,
तासभर.
मग यंत्र एकेक नळी उचलून ऐकतं.
उघडणारा आहे. कामावर आहे.
फाडणारा त्याच्या सातपट.

म्हणजे पत्र येत होतं
आणि दारातच फाडलं जात होतं,
घरच्याच माणसाकडून.
आतला म्हणत असेल, कुणी काही कळवलंच नाही.

तेराव्या नळीत असं नव्हतं.
एका दाण्यावरून काही म्हणू नये.
वहीत लिहिते: पुन्हा करणे.

फोन वाजतो.
गोळीनंतर अर्धा तास चहा नाही,
तो अर्धा तास आई माझ्यावर घालवते.
जेवलीस?
हो.
काय?
सँडविच.
ते काय जेवण झालं? भात टाक थोडा, वरण टाक.
आई, पोट भरलंय.
थोडासा गं. मूठभर.
मी फोन कानाला लावून नुसती हसते,
आणि दुसऱ्या हाताने, नियम आहे म्हणून,
बाहीवरून, मनगटावरून, खिशावरून
ते टिकटिक करणारं यंत्र फिरवते.
काही सांडलेलं नाही.

खाली रस्त्यावर शेवटची ट्राम जाते,
काचा किंचित थरथरतात.
तो परत कामावर गेला का,
फॉर्म मला ते सांगणार नाही.
हेदरही सुट्टीवर.

उरलेला अर्धा दाणा
चौदा नंबरच्या नळीत परत ठेवते,
झाकण दोनदा फिरवून बघते.
फ्रीझरचं दार उघडताना वाफ तोंडावर येते.
आई अजून बोलतेच आहे.