चित्र नसलेला चौकोन

मेयोच्या ओपीडीत नावं पुकारते मी.
आज एक एन-जीने सुरू होणारं.
"नवांग!" कोणी हललं नाही.
"गवांग डोल्मा!"
स्वेटरच्या गठ्ठ्याला टेकलेली बाई
खोकत बघत राहिली,
जणू शेजारणीला हाक मारतेय मी.
मग खिडकीशी आली.
"नाकातून," म्हणाली. "सावकाश."

क, ख, ग, घ,
आणि तक्त्यावरचा तो चित्र नसलेला चौकोन.
याचं काही येत नाही, पुढे चला,
म्हणायच्या बाई.
चाळीस वर्षांनी जीभ तिथवर मागे नेली :
ङा. ङावाङ.
"हं. जवळ आलं."

तिनं माझा बिल्ला वाचला.
अख्खं सदर मला पिंपलशेंडे म्हणतं.
"पिंप…" अडली. ढास लागली.
मागे रांग कुरकुरली.
"थांबा," हात वर करून म्हणाली,
"पुन्हा घेते."