सहा-शून्य रेशीम

उंदराच्या दुसऱ्या दाढेभोवती रेशीम बांधायचं
म्हणजे आधी आपला श्वास बांधायचा.
दाढ मोहरीच्या दाण्याएवढी,
चिमटा मात्र भिंगाखाली सांडशीएवढा.
गाठ बसली की हिरडीच्या कडेला थेंब येतो.
एकच. तो टिपायचा, वहीत लिहायचं:
क्रमांक चौदा, डावी बाजू, सकाळी अकरा वीस.
पुढचे चौदा दिवस जंतूंचे.
आपण त्यांना फक्त बसायला पाट दिला.

केंगे मॅडम म्हणतात, प्रश्न साधा ठेव.
हिरडी सुजली तर मेंदूत स्पर्श कुठे अडतो का?
दाढ आणि मिशी, दोघींचा निरोप
एकाच मज्जातंतूने वर जातो,
जशी विंचूरच्या चौफुलीवर येवल्याची एसटी
आणि लासलगावची, एकाच रस्त्याला लागतात
आणि कांद्याचे ट्रॅक्टर आडवे आले
की दोघींनाही नाशिकला उशीर.
(हे मी लिहिलं होतं. मॅडमनी खोडलं.)

मेंदूची पातळ चकती रंगवली
की तपकिरी ठिपके उमटतात ओळीने,
एकेका मिशीला एकेक घर.
पहिल्यांदा पाहिले तेव्हा तोंडून निघून गेलं,
या तर बुट्ट्या! पाच ओळी, अंगभर.
तेही निबंधात चालणार नव्हतं.

दादांना गंगापूर रोडला दाखवायला आणलं.
खुर्चीत आडवे, डोळे छताकडे,
शिकाऊ मुलगी हिरडीत सळई घालून आकडे सांगत होती,
सहा, आठ, सात, परत आठ,
लिहिणारी लिहीत होती
आणि मला सगळे आकडे कळत होते, हेच वाईट.
उठल्यावर चूळ भरून म्हणाले,
फणीचे दात ढिले झाले तर मी फणी बदलतो.

मग आडगावला, माझ्या टेबलापाशी.
उंदीर दाखवायला परवानगी नाही,
म्हणून रेशमाचं पाकीट फोडून दिलं.
अंगठा आणि तर्जनी. डोळे मिटलेले.
पीळ नाही, वेणी आहे, म्हणाले. वर मेण.
पाकिटावर बारीक अक्षरात तेच छापलेलं.
गाठ मारताना थुंकी लावतेस ना?
नाही दादा, इथे चालत नाही.
मग टिकेल कशी, म्हणाले नारायणसा,
पन्नास वर्षं तुटका धागा जिभेवर ओला करून
राखेच्या चिमटीत जोडणारा माणूस.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा
मागावरून उतरलेली मोतिया पैठणी
घडी घालताना हाताला लागली:
पदरापासून वीतभर आत, एक सांधा.
आधी असा सांधा बोटाला सापडायचाच नाही.
खिडकीशी नेऊन पाहिलं,
तिळाएवढा फिकट गुलाबी डाग.
दादा समोरच बसले होते.
त्यांच्या बोटांखालून तो तसाच गेला होता.
मी घडी पुरी केली. गिऱ्हाईक रविवारी घेऊन गेलं,
हसत, पेढे देऊन.

वय असेल. नजर असेल. मशेरी तर आहेच.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही,
हे मीच पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

आज पंधरावा दिवस.
लाल दिव्यात क्रमांक चौदा पेटीत सोडला.
एका बाजूला खरखरीत पत्रा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत.
निरोगी उंदीर नव्याकडे जातो, हुंगतो, मिशा घासतो.
क्रमांक बाराने असंच केलं, रेशीम बांधलेलं असूनही,
आणि आमचा आलेख वाकडा करून ठेवला.
चौदा मधोमध थांबलाय.
मिशा हलताहेत, इतक्या भरभर
की हलत नाहीत असं वाटावं.
तेरा सेकंद. एकोणीस.
मी माझा अंगठा तर्जनीवर घासते आहे
हे मला आत्ता कळलं.
सव्वीस.