सहा रेघा

ऑगस्टच्या दुपारी एसिहात कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
मी ओलांडते. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
कासिल्दाबाईंच्या झडपा ओढलेल्या,
आतला अंधार गार असल्याचं सोंग करतो.

"पाणी प्यालात?"
"प्याले की." ओट्यामागच्या फरशीवर
पेन्सिलीच्या सहा रेघा, शाळकरी, सरळ.
गळ्याखालची कातडी मी चिमटीत धरते, सोडते.
ती परत जायला विसरते.

कोपऱ्यात मातीचा चंबू पाझरतोय,
त्याला घाम, बाईंना टिपूस नाही.
"तहानच लागत नाही गं. सत्त्याऐंशीव्या वर्षी
तीही गाव सोडून गेली. पोरांच्या मागोमाग."

मी झडप उघडली, तर बाहेर जिरॅनियम.
गल्लीतली सगळी रोपं करपलेली
आणि हे एकटं लालभडक, माजलेलं.
सहा रेघा कुठे गेल्या ते कळलं.

बाई ओशाळल्या नाहीत.
"एलिसेओनं लावलंय. विहिरी खणायचा.
तहान लागल्यावर बोलावणाऱ्यांकडून
दुप्पट घ्यायचा मेला."
"आणि बायकोकडून?"

त्या हसल्या. दोन्ही हातांनी चंबू उचलला,
ओठ न लावता वरून धार धरली,
अर्धी तोंडात, अर्धी झग्यावर.
दोन घोट. मी तिसरा मागितला.
"हा कुणाच्या नावचा?"
"रेघ मी मारते," मी म्हटलं, "तुम्ही गिळा."

जिना उतरताना पिशवीतली बाटली मांडीला लागली.
जड. सकाळी भरली होती तेवढीच.
झाकणाचं सीलसुद्धा शाबूत.